साठ हजारांची बॅट नक्की कशाची?

शिवाजी पार्कात संध्याकाळी नेट्सच्या कडेने एक चक्कर मारा. किटबॅगा रांगेत पडलेल्या असतात आणि कोणी किती रन केले यापेक्षा कोणाची बॅट कितीची, यावरच गप्पा जास्त रंगतात. ढोबळमानाने दोन-तीन हजारांत काश्मीर विलो मिळते, दहा-पंधरा हजारांत बऱ्यापैकी इंग्लिश विलो. त्याच्या वर मग आकाश मोकळं. चाळीस हजार, साठ हजार, कधी त्याहूनही पुढे. आणि सोबत ठरलेले शब्द: 'हँडमेड', 'कस्टम', 'प्लेअर्स एडिशन'.

लाकडाच्या एका बॅटला एवढे पैसे मोजावेत का? माझं मत सरळ आहे. हाताच्या कामाला पैसे जरूर मोजावेत, पण या साठ हजारांतले बरेचसे पैसे हाताच्या कामाचे नसतातच.

आधी हाताचं काम म्हणजे काय ते बघू. बॅटचं लाकूड इंग्लंडमधून, मुख्यत: एसेक्स-सफोक भागातून येतं. झाड साधारण पंधरा ते वीस वर्षांचं झालं की तोडतात, त्याचे ठोकळे करून वाळवतात. ह्या ठोकळ्याला धंद्यात क्लेफ्ट म्हणतात. तो मेरठ किंवा जालंधरच्या कारखान्यात आला की रोलरखाली दाबला जातो. हे प्रेसिंग म्हणजे बॅटचा जीव. विलो मुळात मऊ लाकूड, त्यामुळे कमी दाबलं तर बॉल टणकन उडतो पण बॅट लवकर फुटते. जास्त दाबलं तर बॅट टिकते, पण मार मेल्यासारखा लागतो. कोणत्या क्लेफ्टला किती दाब द्यायचा, हे कारागिराला अनुभवानेच कळतं. मग वेताचं हँडल व्ही आकाराच्या खाचेत बसवणं, रंध्याने पाठ आणि कडा उतरवणं, हातात धरून पुन:पुन्हा तोल बघणं. बाराशे ग्रॅमची बॅट हातात हजाराची वाटते, ती या तोलामुळे. आपण ज्याला 'पिक-अप' म्हणतो ना, तो हाच. आज बरंचसं ओबडधोबड कापकाम मशीन करतं, तरी हा शेवटचा हात माणसाचाच लागतो. त्याला मोल आहे, यात वाद नाही.

पण गंमत इथेच आहे. पंधरा हजारांच्या बॅटवर आणि साठ हजारांच्या बॅटवर होणारं हे काम जवळपास सारखंच असतं. तोच कारखाना, तोच रंधा, बऱ्याचदा तेच हात. मग वरचे पंचेचाळीस हजार कशाचे? त्यातले बरेचसे दिसण्याचे.

इंग्लिश विलोचे ग्रेड मुख्यत: दिसण्यावरून लावतात. ग्रेन्स सरळ आणि सारख्या अंतरावर, डाग नाही, गाठ नाही, की ग्रेड वन. एखादा डाग किंवा वाकडी रेघ आली की ग्रेड खाली आणि किंमतही खाली. बॉल त्या बॅटवरून कसा उडेल, याची परीक्षा ग्रेड देताना कोणी घेत नाही. मुलं दुकानात 'काका, दहा ग्रेन्सवाली दाखवा' म्हणतात. पण जास्त ग्रेन्स म्हणजे जास्त वयाचं लाकूड. ते लवकर खुलतं आणि बहुतेकदा लवकर संपतंही. सहा-सात ग्रेन्सची बॅट खुलायला वेळ घेते, पण जास्त सीझन साथ देते. ज्याला वर्षाला एकच बॅट परवडते, त्याने यातली कुठली घ्यावी, हे सांगायला कोच लागत नाही.

टीव्हीवर दिसणाऱ्या जाडजूड कडांचंही तेच. एमसीसीच्या नियमानुसार 2017 पासून बॅटची कड 40 मिलीमीटरपेक्षा आणि जाडी 67 मिलीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. एवढी जाड बॅट वजनाला हलकी ठेवायची तर लाकूड हलकं, अधिक वाळवलेलं हवं. असं लाकूड लवकर तडकतं. मोठ्या खेळाडूला त्याचं काय? किटमध्ये आणखी चार-पाच बॅटा असतात. आपली तडकली की घरात आधी भांडण, मग फेव्हिकॉल, मग टेप.

स्टिकरची गोष्ट तर वेगळीच. सचिनच्या बॅटवर वर्षानुवर्षं एका टायर कंपनीचं नाव होतं. बॅट घडवणारा एक आणि स्टिकरवालं नाव दुसरंच, हे क्रिकेटमध्ये सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे. म्हणजे आवडत्या बॅटरचा स्टिकर बघून आपण बॅट घेतो, तेव्हा त्याची बॅट आपल्याला मिळतेच असं नाही. मिळते ती त्याची जाहिरात, आणि तिचा खर्च आपण भरतो.

यावर कोणी म्हणेल, अरे, लाकूडच महाग झालंय, दुकानदार काय करणार? खरं आहे. टी-ट्वेन्टीमुळे बॅटांना मागणी वाढली, आणि झाड मोठं व्हायला पंधरा वर्षं लागतात ती लागतातच. 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बांबूची बॅट करून दाखवली होती. तिचा स्वीट स्पॉट विलोपेक्षा मोठा निघाला. एमसीसीने मात्र सांगितलं की नियमाप्रमाणे बॅटचं पातं फक्त लाकडाचंच हवं, आणि बांबू पडला गवताच्या कुळातला. सगळं जग एकाच झाडाच्या मागे लागलं की भाव चढणारच. पण तेव्हा निदान स्वत:शी खरं बोलू या. आपण टंचाईचे आणि रेघांचे पैसे देतोय, कारागिरीचे नाही.

मग कस्टम बॅट थोतांड आहे का? अजिबात नाही. उलट कस्टमचा खरा अर्थ समजला तर पैसे वाचतात. आपली उंची किती, आपण पुढे खेळतो की मागे, विकेट कुठली, यावरून बॅट ठरायला हवी. बॉल खाली राहणाऱ्या विकेटवर खेळणाऱ्याला मिडल थोडं खाली असलेली बॅट सोयीची. पावसाळ्यात ओल्या विकेटवर कांगा लीग खेळणाऱ्याने आपली सगळ्यात देखणी बॅट घरीच ठेवलेली बरी, विलोला पाणी सोसत नाही. 1948 पासून ही लीग मुंबईच्या बॅटरची परीक्षा घेतेय. तिथे ग्रेन्स मोजून कोणी रन देत नाही, तंत्र लागतं.

आणि खरी कारागिरी बघायची तर शोरूमपेक्षा दुरुस्तीच्या दुकानात जा. दक्षिण मुंबईतल्या एम. अश्रफ ब्रदर्सचे अश्रफ चाचा, म्हणजे अश्रफ चौधरी, यांच्या हाताखालून तेंडुलकर, कोहलीच्या बॅटाही गेल्यात. ज्यांना हवी ती नवी बॅट मिळू शकते, ते खेळाडूसुद्धा आवडती बॅट दुरुस्तीला देतात, यातच सगळं आलं. हँडल बदलणं, पाठ थोडी उतरवून वजन कमी करणं, तडा बुजवून धागा गुंडाळणं. नव्या बॅटच्या किमतीच्या मानाने यात पैसे थोडे जातात आणि बॅट खरंच 'आपली' होते. ह्याला म्हणायचं कस्टम!

हे सगळं इतकं मनावर का घ्यायचं? कारण मुंबईचं क्रिकेट हे कधीच फक्त पैसेवाल्यांचं नव्हतं. गिरगावच्या वाड्या, दादरच्या चाळी, परळ-लालबागच्या गल्ल्या यांनी इथे खेळाडू दिले. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डमध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने 664 धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हा बॅटांच्या कडा आजच्यासारख्या जाड नव्हत्या. आज बारा-तेरा वर्षांचा पोरगा नेटमध्ये आला की आधी त्याची बॅट बघितली जाते. साधी बॅट असेल तर तो स्वत:च मागे उभा राहतो. त्याला वाटतं, आपल्याकडे सामान नाही म्हणून आपण मागे. आणि घरी आई-बाबांना वाटतं, बॅट घेऊन दिली नाही तर पोराचं करिअर आपणच अडवलं. मग हप्त्यावर बॅट येते. वर्षभरात पोराची उंची चार बोटं वाढते, बॅट लहान पडते, हप्ते मात्र चालूच. एखादं चांगलं पोरगं या हिशेबात खेळच सोडून देतं. ते नुकसान साठ हजारांहून मोठं आहे.

ज्याच्याकडे पैसे आहेत आणि देखणं लाकूड आवडतं, त्याने खुशाल घ्यावी. हौसेला मोल नसतं. पण हौस ही गरज म्हणून विकली जाऊ नये, आणि आपणही ती गरज म्हणून विकत घेऊ नये. लेदर बॉल खेळायचा असेल तर डाग असलेली, खालच्या ग्रेडची, हातात नीट बसणारी इंग्लिश विलो घ्या. डागाने रन कमी होत नाहीत. तिला तेल द्या, लाकडी हातोडीने तासन्तास नॉकिंग करा, कंटाळा आला तरी करा. काश्मीर विलो थोडी जड असते, मारही कमी लागतो, हे मान्य. पण खेळ शिकायला ती पुरते. उरलेल्या पैशांतून चांगलं हेल्मेट घ्या, कारण तिथे स्वस्तात घेतलेलं अंगाशी येऊ शकतं.

आणि कोचसाहेब, एक विनंती तुम्हालाही. नेटमध्ये पोरगं आलं की आधी त्याचा स्टान्स बघा. बॅट कितीची ते नंतर विचारा. नाही विचारलं तरी चालेल.