तांबडा समुद्र आणि जव्हारची आगोट

बँकेच्या नोकरीतील काही वर्षे माझी जव्हारला गेली. पालघर जिल्हा तेव्हा अस्तित्वात आला नव्हता; जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्याचे अगदी कडेचे तालुके होते. रेल्वे नाही, बंदर नाही. खाली मनोरकडे आणि डहाणूकडे उतरणारे व वर मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिककडे चढणारे घाटरस्ते, एवढाच बाहेरच्या जगाशी संबंध. मेच्या अखेरीस मी कर्जदारांच्या मालाची तपासणी करावयास निघत असे. त्या फेरीत बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याचे गोदाम मला हटकून खटके. खडेमिठाची पोती आढ्याला टेकलेली, तेलाच्या डब्यांच्या रांगा, गूळ, तूरडाळ, सुकी मिरची, काड्यापेट्या, मेणकापडाचे गठ्ठे. (आदिवासी घराच्या बेगमीत सुकी मासळी असतेच, पण तो व्यवहार आपल्या मंडळींच्या दुकानात नसे, त्यासाठी गिऱ्हाईक आठवडे बाजार गाठी.) पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे विकायचे, ते सारे मे महिन्यातच भरून ठेवलेले. आपल्याकडे याला आगोटीची खरेदी म्हणतात. हा शब्द आता शहरी घरांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर, आणि वर तरुण अधिकारी. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने कोणत्या उद्योगाने किती महिन्यांचा माल बाळगावा याची मापे घालून दिली होती. ती मापे कारखान्यांसाठी होती. मी त्यांची दृष्टी एका किराणा दुकानाला लावली. शेठजींनी त्या वर्षी पावसाळ्यापुरती कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली होती. पडून राहिलेला माल म्हणजे पडून राहिलेला पैसा, असा शेरा मारून मी ती मागणी निम्म्यावर आणली. शेठजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, दरडीपाशी अडकून परत फिरलेला ट्रक तुम्ही अजून पाहिलेला नाही." तो मला त्याच वर्षी आषाढात पाहावा लागला. त्या हकिकतीकडे शेवटी येतो.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या काही वर्षांतील जहाजवाहतुकीच्या बातम्या. जगाच्या व्यापारातील ऐंशी टक्क्यांहून अधिक माल, वजनाने मोजला तर, समुद्रमार्गे जातो; भारताच्या परदेशी व्यापारात हे प्रमाण पंच्याण्णव टक्क्यांच्या घरात आहे. एवढा मोठा व्यवहार काही थोड्या चिंचोळ्या वाटांवर अवलंबून असतो. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस तो कालवा बंद पडला. पुढे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवून नेले, आणि डिसेंबरपासून बड्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यावयास आरंभ केला. 'रुबीमार' हे जहाज फेब्रुवारी २०२४ मध्ये क्षेपणास्त्राच्या माऱ्याने जायबंदी झाले आणि २ मार्चला बुडाले. त्याच्या पोटात खत होते. चारच दिवसांनी 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर तीन खलाशी मारले गेले; उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'कोलकाता' या युद्धनौकेने वाचवले. भाववाढीच्या बातम्यांत ही माणसे बहुधा दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता या वळशाची किंमत. आशियातून युरोपला जाणाऱ्या जहाजाला त्यामुळे सुमारे दहा ते चौदा दिवस अधिक लागतात. इंधन, खलाशांचे पगार, विमा हे खर्च वाढतात हे कोणालाही कळते. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र त्याहून मोठे नुकसान होते, आणि ते कोठल्याही बिलात लिहिलेले नसते. समजा, एका निर्यातदाराचे एक कोटी रुपये धंद्यात फिरत आहेत. माल घेणे, पाठवणे आणि पैसे हाती येणे या फेरीला साठ दिवस लागतात. वर्षाला सहा फेऱ्या झाल्या. फेरीमागे चार टक्के सुटले तर चोवीस लाख. दहा टक्के दराने बँकेचे व्याज दहा लाख. हाती चौदा लाख. फेरी चौदा दिवसांनी लांबली की वर्षात पाचच फेऱ्या बसतात. वीस लाख सुटतात, व्याज तेवढेच, हाती दहा लाख राहतात. मालाचा भाव पडला नाही, गिऱ्हाईक बुडाले नाही, मालही खराब झाला नाही. आणि चार लाख गेले. निर्यातीच्या धंद्यात असलेल्या आपल्या वाचकांनी हा हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा करून पाहावा. खेळते भांडवल कमी पडते आहे असे वाटत असेल, तर ते बहुधा समुद्रात फिरत असते.

यात माल नाशवंत असेल तर काय होते, हे नाशिकच्या द्राक्ष उत्पादकांनी २०२४च्या हंगामात अनुभवले. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या शीत कंटेनरला केपचा वळसा पडला, भाडे चढले आणि पेटीतील घडाला दोन आठवडे अधिक ताजे राहणे भाग पडले. नाशिक म्हणजे मोखाड्याच्या डोक्यावरचा घाट. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची माणसे पोटासाठी बाहेर पडतात. कोणी वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, कोणी नाशिककडच्या बागांत. येमेनच्या किनाऱ्यावरून सुटलेल्या क्षेपणास्त्राचा धक्का बागाइतदाराच्या हिशेबाला बसतो आणि तेथून तो खुडणीच्या मजुरीपर्यंत उतरू शकतो. ज्याच्यापर्यंत तो शेवटी पोहोचतो, त्याला तांबडा समुद्र कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

उलट दिशेने येणारा माल म्हणजे तेल. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफूल तेल काळ्या समुद्राच्या काठच्या देशांतून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफुलाची वाट अडली. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. ती बंदी २३ मे रोजी उठली. ते नेमके आगोटीच्या खरेदीचे दिवस! पाड्यावरच्या घरात तेल आधीच मोजून ओतले जाते. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये जव्हारचे नाव देशभर गेले, ते विसरू नये. ज्या घरात आगोटीच्या सामानात फार काही कमी करण्यासारखे नसतेच, तेथे डब्यामागे वाढलेले रुपये ताटातूनच वजा होतात.

मला तरुणपणी शिकवलेले व्यवस्थापनशास्त्र हव्या त्या वेळी हवा तेवढाच माल मागवा, असे सांगत असे. जपानच्या टोयोटा कंपनीने ही रीत जगाला दिली. त्याच टोयोटाने मार्च २०११च्या भूकंपानंतर आपल्या पुरवठादारांना काही सुट्या भागांचा, विशेषतः इलेक्ट्रॉनिक चिप्सचा, दोन ते सहा महिन्यांचा साठा बाळगावयास सांगितले. टोयोटाने आगोट भरली, असे आमचे शेठजी म्हणाले असते. आणि २०२१ मध्ये चिप्सच्या टंचाईने जगभरचे मोटार कारखाने थांबू लागले, तेव्हा ती कंपनी इतरांहून अधिक काळ तग धरू शकली.

आता आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, वाढवण येथे मोठे बंदर होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. नऊ कंटेनर टर्मिनल, आणि सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली. या खोलीला फार महत्त्व आहे. आपल्याकडील जो माल एका जहाजावरून दुसऱ्या मोठ्या जहाजावर चढवून पुढे न्यावा लागतो, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आज कोलंबो, सिंगापूर यांसारख्या परक्या बंदरांत हाताळला जातो. तो भुर्दंड वाचेल, तेवढी लांबीही कमी होईल. पण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. याच जागेचा प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. मी बंदराच्या बाजूचा आहे, हे लपवीत नाही. मात्र ज्याचा समुद्र जाणार आहे त्याला भरपाईच्या रांगेत उभे करून आपण स्वस्त भाड्याचा आनंद मानावा, हे मनाला पटत नाही. शिवाय वाढवणला जगातील सर्वांत मोठे जहाज लागले, तरी त्यातला डबा जव्हारला पोहोचायला घाट चढावाच लागेल.

या किनाऱ्याला बंदरे नवी नाहीत. आज लोकलच्या गर्दीत हरवलेले नालासोपारा हे प्राचीन सोपारा, म्हणजे शूर्पारक. तेथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. आपल्या श्वेतांबर परंपरेत या सोपाऱ्याची एक कथा आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. जिनदत्त श्रेष्ठी आणि त्यांची पत्नी ईश्वरी यांच्या घरी संपत्ती होती, धान्य नव्हते. अखेर एक लाख मुद्रा मोजून त्यांनी एका वेळच्या जेवणापुरते तांदूळ मिळवले. ते शिजवून, त्यात विष कालवून, चारही मुलांसह शेवटचे जेवण करावयाचे त्यांनी ठरवले. त्याच वेळी आचार्य वज्रसेन भिक्षेसाठी दारात आले. लाखाच्या मोलाचे अन्न ज्या दिवशी शिजताना दिसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, असे त्यांचे गुरू वज्रस्वामी सांगून गेले होते. आचार्यांनी विष कालवू दिले नाही. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे सोपाऱ्याला लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली, आणि नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली.

ही कथा मी लहानपणापासून पर्युषणात ऐकत आलो. जहाजवाहतुकीचा विचार करू लागल्यावर मात्र वेगळाच प्रश्न पडला. दुष्काळाच्या बाराव्या वर्षी एक लाखाला तांदूळ विकणारा कोण होता? त्याच्याजवळ साठा होता, हे तर उघडच आहे. कथेत त्याचे नाव नाही. परवाच्या महामारीनंतर कंटेनरचे भाडे अनेक पटींनी चढले, तेव्हा त्याची मला पुन्हा आठवण झाली. २०२२ मध्ये मर्स्क या एकट्या जहाज कंपनीचा नफा सुमारे २९ अब्ज डॉलर झाला. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत अतिसंग्रह आणि लोभ असे दोन वेगवेगळे शब्द आहेत. बेगमी कोठे संपते आणि अतिसंग्रह कोठे सुरू होतो, हे गोदामात उभे राहून पोती मोजल्याने कळत नाही. मी ती अनेक वर्षे मोजली आहेत.

त्या आषाढात घाटात दरड आली. बँकेच्या कामासाठी जीपने खाली निघालो होतो. वळणावर मातीचा ढीग आणि त्याच्या अलीकडे उलटे तोंड करू पाहणारा मालाचा ट्रक. रस्ता सुरू व्हायला बरेच दिवस गेले. त्यानंतर मासिक तपासणीसाठी शेठजींच्या दुकानी गेलो, तेव्हा त्यांनी न बोलता रोजमेळ पुढे ठेवला. रस्ता बंद झाल्यापासून मीठ घरटी अर्धाच किलो दिलेले होते आणि भाव मे महिन्यातलाच होता. पान उलटले. शेवटच्या चार दिवसांत मिठाची नोंदच नव्हती. मी कापलेल्या मर्यादेत त्यांनी मिठाची जितकी पोती कमी घेतली होती, त्यांचा आकडा माझ्याच टिपणात होता.

पुढच्या मे महिन्यात त्यांचा अर्ज आला. मी नेहमीप्रमाणे गोदामात जाऊन मोजणी केली आणि मागितली होती तेवढी वाढ शिफारशीत लिहिली.