विश्लेषण : घराचे नूतनीकरण करताना इंटरनेटच्या वायरिंगचा विचार आधीच का हवा?

घराचे नूतनीकरण म्हटले की फरशी, ओटा, बाथरूमच्या टाइल्स आणि रंग यांवर कुटुंबात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. गीझर कुठे, एसीचा पॉइंट कुठे, हेही ठरते. इंटरनेटचा विषय मात्र रंगकाम आटोपून सामान जागेवर लागल्यावर निघतो. मग नव्या भिंतीला भोक पाडले जाते, नाहीतर दाराच्या चौकटीवरून क्लिपा ठोकत वायर बेडरूमपर्यंत नेली जाते. नोकरी, मुलांचा अभ्यास आणि टीव्ही ज्या जोडणीवर चालतात, तिला घराच्या आराखड्यात जागाच नसणे महागात पडते. ती जागा करण्याची संधी भिंती उघड्या असतात तेवढ्या दिवसांपुरतीच मिळते.

वायफाय असताना वायर कशाला?

एका खोलीच्या किंवा लहान वन बीएचके घरात मध्यावर ठेवलेला एक चांगला राउटर बहुधा पुरतो. तिथे उगाच खर्च करू नये. प्रश्न येतो तो दोन-तीन बेडरूमच्या घरात. वायफायची २.४ गिगाहर्ट्झ लहर दूर जाते, पण तिचा वेग कमी असतो आणि शेजाऱ्यांचे राउटरही त्याच लहरीवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती ओलांडताना ती लवकर क्षीण होते. म्हणून हॉलमध्ये पूर्ण वेग आणि शेवटच्या बेडरूममध्ये अडखळणारा व्हिडीओ कॉल, असा अनुभव येतो. ‘मेश’ यंत्रणेतही दोन राउटर एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील, तर वेगाचा काही भाग त्यातच खर्ची पडतो. तेच राउटर वायरने जोडले की ही गळती थांबते. वायर वायफायला पर्याय नाही, तिचा आधार आहे.

वायर महत्त्वाची की पाइप?

पाइप. गेल्या तीसेक वर्षांत शहरी घरांत आधी टेलिफोनची तार आली, मग केबल टीव्हीची, मग डिशची आणि आता फायबरची. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत ॲनालॉग केबल प्रक्षेपण बंद होऊन सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. आता अनेक घरांत तोही अडगळीत गेला आहे. आज भिंतीत पुरलेली वायर दहा-पंधरा वर्षांनी कालबाह्य ठरू शकते. ती थेट प्लास्टरमध्ये पुरली असेल, तर बदलताना पुन्हा तोडफोड आलीच. पाइपमधून नेलेली वायर मात्र ओढून काढता येते आणि तिच्या जागी नवी घालता येते. त्यासाठी २५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यावा, काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या गोलाईचे बेंड वापरावेत आणि प्रत्येक पाइपात नायलॉनची एक दोरी सोडून ठेवावी. बजेट अपुरे असेल, तर वायर नंतर टाकावी, पाइप मात्र आत्ताच टाकून घ्यावा.

केबल कोणती, पॉइंट किती?

घरासाठी कॅट-६ केबल पुरेशी आहे. ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आणि साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट वेग देऊ शकते. फ्लॅटमधील अंतरे याहून बरीच कमी असतात. खरेदी करताना तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची ‘सीसीए’ केबल स्वस्त पडते, पण ती मानकांत बसत नाही आणि तिच्यातून वीज नेल्यास जास्त तापते. टीव्हीमागे दोन, अभ्यासाच्या किंवा कामाच्या टेबलाजवळ एक, मागच्या बेडरूमच्या छतालगत वायफायसाठी एक आणि दाराजवळ कॅमेऱ्यासाठी एक, एवढे पॉइंट टू बीएचकेला पुरतात. प्रत्येक केबल एकाच मध्यवर्ती जागी अखंड यावी, भिंतीच्या आत जोड नको.

टीव्हीच्या भिंतीचे काय?

४के चित्रपटाला साधारण २५ एमबीपीएस पुरतात. त्यामुळे टीव्हीला वायर हवी ती वेगापेक्षा स्थैर्यासाठी. डिश असेल, तर साधारणपणे प्रत्येक सेट-टॉप बॉक्सला स्वतंत्र आरजी-६ केबल लागते. तिचा पाइप बाल्कनीपर्यंत किंवा डक्टपर्यंत न्यावा. एचडीएमआयचा प्लग रुंद असतो, तो २५ मिमीच्या पाइपात अडकतो. टीव्हीपासून खालच्या कपाटापर्यंत ५० मिमीचा पाइप टाकला, की पुढे साउंडबार किंवा गेमिंग कन्सोल आला तरी वायरी लोंबकळत नाहीत.

पथ्ये कोणती?

डेटा केबल आणि विजेची वायर कधीही एका पाइपात नको. समांतर जाताना दोन्हींत शक्यतो अर्धा फूट अंतर ठेवावे आणि ओलांडायचेच असेल, तर काटकोनात ओलांडावे. कॉलम-बीमला खाचा पाडू नयेत. फायबरचा बॉक्स आणि राउटर धातूच्या कपाटात किंवा विजेच्या डीबीत कोंडू नयेत, वायफाय तिथेच अडते. त्या जागी दोन प्लग पॉइंट द्यावेत आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर ते त्यावर घ्यावेत. दोन्ही उपकरणे फारच थोडी वीज खातात, पण वीज गेल्यावर काम चालू राहते. प्लास्टरआधी टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा. पुढे खिळा ठोकताना तो उपयोगी पडतो. केबलच्या दोन्ही टोकांना नावे लिहावीत आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक पॉइंट तपासून घ्यावा.

जबाबदारी कोणाची?

इमारतींना डिजिटल जोडणीच्या आधारे तारांकित मानांकन देण्यासाठी ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केले. चांगली जोडणी ही इमारतीच्या बांधणीचा भाग आहे, हे त्यातून मान्य झाले. त्याचा लाभ मुख्यतः नव्या प्रकल्पांना होईल. जुन्या सोसायटीत घर दुरुस्त करणाऱ्यांना हा विचार स्वतःच करावा लागतो, कारण इलेक्ट्रिशियन सांगितले तेवढेच करतो आणि इंटरनेट कंपनीचा माणूस जवळची वाट धरतो. म्हणून कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात ‘डेटा पॉइंट’ ही ओळ पाण्याच्या आणि विजेच्या ओळींसोबतच मागून घ्यावी. तोडफोड सुरू होण्याआधी एका कागदावर घराचा नकाशा काढून या जागा ठरवायला एक संध्याकाळ पुरते.