बाजारात हिशेब झटपट, पेपरात मात्र अडखळ. असं का होतं?

कांदा 28 रुपये किलो, तर पाऊण किलोचे किती? आठवडी बाजारात आईसोबत बसणारं मूल पटकन सांगतं, '21 रुपये!' अर्ध्या किलोचे 14, पाव किलोचे 7. हाच प्रश्न '750 ग्रॅमची किंमत काढा' असा पेपरात आला, की तेच मूल अडू शकतं. मग कच्चं कोण, मूल की आपली मोजपट्टी?

संशोधन काय सांगतं?
अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास फेब्रुवारी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी चौदाशेहून अधिक मुलं त्यात होती. अवघड व्यवहार ती तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीची सोपी लेखी गणितं अनेकांना जमली नाहीत. फक्त शाळेत शिकणाऱ्यांचं नेमकं उलट झालं. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या 1985 च्या अभ्यासातही रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांबाबत असंच दिसलं होतं.

मग खरं गणित कोणतं?
हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. गणित म्हणजे केवळ पुस्तकातली रीत मानली, तर 14 अधिक 7 हा 'जुगाड' ठरतो. गणित ही माणसाची विचार करण्याची कृती मानली, तर तीही रीतच आहे. कोणती रीत 'हुशारी' मानायची, हे मात्र समाज ठरवतो.

नगर जिल्ह्याशी संबंध काय?
दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगावमधली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. सोबत गेलेल्या मुलांची शाळा तुटते. घरात उचल, टन आणि मजुरीचा हिशेब रोज कानावर पडतो, पण गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

20 गुणांचा मुद्दा काय होता?
दहावीला गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर पुढे जाऊ द्यावं, मात्र हे विषय घेऊन पुढे शिकता येणार नाही असा शेरा द्यावा, असा प्रस्ताव 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात होता. यामुळे नापासाचा शिक्का टळतो, पण विज्ञान आणि इंजिनिअरिंगची वाट बंद होते. ज्यांची शाळा दरवर्षी तुटते, त्यांच्यावर हा शेरा बसण्याची भीती अधिक.

उपाय काय?
बाजारातलं तोंडी गणितही पुरेसं नाही. बीजगणितासाठी लेखी रीत लागतेच. म्हणून वर्गात आधी विचारावं, 'तू कसं काढलंस?' मग मुलाचीच रीत फळ्यावर मांडून तिथून सूत्राकडे जावं. उंबरठा 35 चा असो वा 20 चा, हा पूल बांधल्याशिवाय तो ओलांडणं अवघडच.