वारसा सुरांचा, आणि पैशांचाही



‘मुलगी खरोखर हुशार असेल तर ती आपली वाट काढतेच’, हे वाक्य मी वस्तीत ऐकते, कचेऱ्यांत ऐकते, कधीकधी आपल्याच बैठकांतही ऐकते. ऐकलं की मला इंग्लंडची जॅकलिन द्यू प्रे आठवते.

जॅकलिन चेलो वाजवायची. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातलं, पण खर्जाचं, मोठं वाद्य. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजानं वाजवायचं. एकोणिसाव्या शतकात युरोपात बाईनं असं बसणं असभ्य मानलं जाई. म्हणून अनेकजणी ते अंगाच्या एका बाजूला घेऊन, अवघडून वाजवत. सूर कसा लागतो यापेक्षा बाई बसते कशी, याचीच चर्चा जास्त!

पोर्तुगालच्या गिलेर्मिना सुज्जियानं (१८८५-१९५०) ही रीत मानली नाही. ती पुरुषांसारखीच बसून वाजवायची, आणि तिनं नावही मिळवलं. पण मला तिचं मोठेपण तिच्या मृत्युपत्रात दिसतं. आपला मौल्यवान स्ट्रॅडिव्हेरियस चेलो विकून त्या पैशांतून तरुण चेलोवादकांना मदत करावी, अशी व्यवस्था तिनं केली. १९५६ मध्ये ही मदत मिळाली ती अकरा वर्षांच्या जॅकलिनला. त्यातून विल्यम प्लीथ यांच्याकडच्या तिच्या शिक्षणाचा खर्च निघाला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शूमान, द्वोर्झाक यांचं रोमँटिक संगीत तिनं गाजवलं. १९१९ सालची एल्गारची रचना विसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, अशी ध्वनिमुद्रित केली की आजही लोक ती आवर्जून ऐकतात. १९६८ मध्ये अलेक्झांडर गोर या समकालीन संगीतकाराची ‘रोमांझ’ ही नवी रचना प्रथम सादर केली तीही तिनंच. १९७३ मध्ये मल्टिपल स्क्लेरॉसिसचं निदान झालं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी वादन थांबलं. तरी ती शिकवत राहिली. १९८७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

जॅकलिनच्या अंगी गुण होतेच. पण गुणांना गुरू लागतो, आणि गुरूपर्यंत पोचायला पैसा. तो एका बाईनं स्वतःच्या मालकीच्या वस्तूतून, स्वतःच्या निर्णयानं मागे ठेवला होता.

आपल्यापैकी किती जणींनी मृत्युपत्र केलं आहे? चार बांगड्या असोत, शिलाई मशीन असो, नाहीतर बँकेतले थोडे पैसे. आपल्यामागे ते कुणाच्या कामी यावेत, हे आपण ठरवतो, की घरातले ठरवतील म्हणून सोडून देतो? आपापल्या गटात यावर बोला. आणि काय बोलणं झालं, ते आम्हांला जरूर कळवा.