रूसोची सोफी आणि बुलढाण्याच्या ताराबाई

राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही रूसो शिकलो. सामाजिक करार आणि सामूहिक ईहा यांवर परीक्षेत प्रश्न हमखास येतो. परंतु त्याच १७६२ साली रूसोने ‘एमिल’ हा ग्रंथही प्रसिद्ध केला, हे मात्र वर्गात कोणी सांगितले नाही. त्यातील एमिलला स्वतंत्र बुद्धीचे शिक्षण, आणि त्याची भावी पत्नी सोफी हिला पतीला प्रसन्न ठेवण्याचे! करारावर सही करणाऱ्यांत सोफी आहे काय, हा प्रश्न राज्यशास्त्राचा नव्हे तर कोणाचा?

प्लेटोचे तरी बरे. राखणीच्या कुत्र्यांत नर-मादी असा भेद आपण करतो का, असे विचारून त्याने स्त्रियांना राज्यरक्षक होऊ दिले. शिष्य ॲरिस्टॉटलने ते दार पुन्हा लावले. स्त्रीला विवेक आहे, पण त्याला अधिकार नाही, असा त्याचा निवाडा. मिलने १८६७ साली पार्लमेंटात स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मांडली आणि तिला ७३ मते पडली. तथापि लग्न झालेली स्त्री बहुधा घरच पत्करील, असे त्या थोर माणसालाही वाटत होते. असो.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झाले नाही. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून त्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ निघाली. बायको मेली की नवरा दुसरी आणतो, मग विधवेनेच का कोंडून घ्यावे? नियम केले कोणी, आणि ते करताना बायकांना विचारले होते का? भाषा घरगुती आहे, अधूनमधून शिव्याशापही आहेत. पण प्रश्न थेट सत्तेच्या मुळाशी जाणारा आहे. नुसत्या सभा भरवणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी सोडले नाही. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, ती १८८५ साली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

कोणी म्हणेल, ताराबाईंनी राज्याचा सिद्धांत कुठे मांडला? मताधिकार कुठे मागितला? आक्षेप खरा आहे. पातिव्रत्याची कल्पनाही त्यांनी पुरती टाकली नाही. ते बंधन पुरुषालाही घाला, एवढेच त्यांचे मागणे. परंतु ज्याच्या कराराबाहेर अर्धी माणसे राहिली त्या रूसोला आपण सिद्धांतकार म्हणतो, आणि ते बाहेर का राहिले असे विचारणाऱ्या बाईला फक्त निबंधकार! हा न्याय मला पटत नाही.

आमच्या ग्रंथालयात ‘स्त्रीपुरुष तुलना’ मराठी साहित्याच्या कपाटात आहे. अकोल्याहून खामगावमार्गे बुलढाणा काही तासांच्या वाटेवर. राज्यशास्त्राचे कपाट तर समोरच्याच भिंतीला आहे. मी ग्रंथपालांना विचारले. ते म्हणाले, “विभागप्रमुखांची चिठ्ठी आण.” चिठ्ठीसाठी अर्ज दिला आहे.