वीस लिटरचा समुद्र

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला क्षारपड जमीन म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले गेले. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले आणि काळ्याभोर रानावर पांढरा थर चढला. हेच शास्त्र एका अगदी वेगळ्या ठिकाणीही लागू पडते. ते ठिकाण म्हणजे दिवाणखान्यातल्या मेजावर ठेवलेली खाऱ्या पाण्याची छोटी टाकी. निळ्या प्रकाशात डोलणारे प्रवाळ, एखादा केशरी मासा आणि तळाशी पांढरी वाळू. ऑनलाइन खरेदीच्या जमान्यात सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून दूर असलेल्या सांगली-साताऱ्यातही वीस-तीस लिटरचा असा समुद्र घरी उभा करता येतो. तो जिवंत ठेवणे मात्र अवघड आहे. तो ठेवताना घरातल्या माणसांच्या आरोग्याचाही विचार करावा लागतो, आणि हे दुकानात क्वचितच सांगितले जाते.

प्रवाळ म्हटले की आपल्याकडे मंगळाच्या अंगठीतले पोवळे आठवते. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे. शेकडो-हजारो इवले जीव एकमेकांना चिकटून वसाहत करून राहतात. उथळ, उबदार समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. प्रवाळ त्याला आसरा देतो आणि शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. रंगही बऱ्याच अंशी या शैवालाचाच. पाणी तापले, क्षारता बिघडली, प्रकाश एकदम वाढला, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. परिस्थिती लवकर सुधारली तर सावरतो, नाहीतर संपतो.

हे दूरदेशीचे प्रकरण नाही. महाराष्ट्राचे प्रवाळ मालवणच्या समुद्रात आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या या भागाला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथले प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद शास्त्रज्ञांनी २०१४ आणि २०१५ मध्ये केली. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील प्रवाळांवरचे असे चौथे जागतिक संकट जाहीर झाले. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर एवढ्या मोठ्या समुद्रातही हे घडते. मग वीस लिटरच्या टाकीत काय होत असेल?

छोट्या टाकीची खरी अडचण साध्या गणिताची आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वीस लिटरच्या टाकीतून अर्धा लिटर पाणी उडाले, तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३६ वर जाते. एक लिटर उडाले, तर ३७ च्या जवळ. दोनशे लिटरच्या टाकीतून तेवढेच अर्धा लिटर उडाले, तर फरक पडल्याचे कळतही नाही. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, हवा कोरडी असताना, उघड्या टाकीतून पाणी झपाट्याने कमी होते. त्यात पंख्याची झुळूक असेल तर आणखी जलद. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर मोठी टाकी धडधाकट प्रौढासारखी असते आणि छोटी टाकी तान्ह्या बाळासारखी. दोन-चार जुलाब प्रौढ माणूस सहज सोसतो, पण बाळ तेवढ्यानेच कोमेजते. आजार तोच असतो, राखीव साठा मात्र कमी असतो.

म्हणून पहिला नियम असा : उडालेल्या पाण्याची भरपाई रोज करायची आणि ती गोड्या पाण्याने करायची. अनेक नवखे टाकीत पुन्हा खारे पाणी ओततात. क्षार उडत नाहीत, फक्त पाणी उडते. त्यामुळे दर वेळी क्षारता वाढत जाते आणि टाकीची क्षारपड जमीन होते. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि रोज तिथपर्यंत शुद्ध पाणी भरावे. टाकीला काचेचे झाकण असेल तर बाष्पीभवन निम्म्यावर येऊ शकते, पण उन्हाळ्यात आतली उष्णता कोंडते. यातला तोल ज्याचा त्याने साधायचा. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना हे यंत्र ओळखीचे असेल. पण घडातली साखर मोजणाऱ्या यंत्राची पट्टी वेगळी असते, त्यामुळे ते इथे चालत नाही. खाऱ्या पाण्याची पट्टी असलेलेच घ्यावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. माणसाला पिण्यास योग्य असलेले पाणी प्रवाळाला योग्य असेलच असे नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि आपल्यासाठी ते असायलाच हवे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. प्रवाळाच्या टाकीत ते पाच-दहाच्या वर गेले की शेवाळ माजू लागते. तांब्याचा अंश आपल्याला त्रास देत नाही, पण प्रवाळ आणि इतर अपृष्ठवंशी जीवांना तो अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतो. खतांचा भरपूर वापर असलेल्या भागातल्या बोअरच्या पाण्याचा तर विचारही करू नये. आरओचे, शक्य असल्यास पुढे आणखी गाळलेले पाणी घ्यावे. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियमही असते. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळते. ते वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून, क्षारता तपासून मगच वापरावे. टाकीत थेट मीठ टाकणे म्हणजे प्रवाळावर तिखट भिरकावण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न तापमानाचा. प्रवाळाला साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस मानवते. सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. बंद घरातली छोटी टाकी दुपारपर्यंत तिशी ओलांडते. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण त्याच पंख्याने बाष्पीभवन वाढते आणि क्षारतेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पश्चिमेकडचे ऊन लागणाऱ्या भिंतीपाशी, खिडकीत किंवा टीव्हीशेजारी टाकी ठेवू नये. वीज गेली की पाणी हलवणारा पंप बंद पडतो आणि प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात नसेल किंवा टाकी इन्व्हर्टरवर जोडलेली नसेल, तर वळवाच्या पावसातली एक रात्र पुरेशी ठरते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते. म्हणून प्लग टाकीपेक्षा उंचावर लावावेत, वायर खाली झोळ देऊन वर न्यावी आणि घरात गळती ओळखणारा स्विच बसवलेला असावा.

छोट्या टाकीचा एक मोठा फायदाही आहे. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचे म्हणजे फक्त दोन-तीन लिटर. त्यातूनच साचलेली घाण बाहेर जाते आणि संपलेली खनिजे परत येतात. महागडी औषधे, थेंबाथेंबाने घालायची रसायने यांची गरज बहुतेकदा पडत नाही. नव्या टाकीत चार ते सहा आठवडे कोणताही जीव सोडू नये. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू तेवढ्या काळात तयार होतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी झाल्याशिवाय घाई करू नये. प्रकाश आठ-नऊ तास पुरतो आणि तो टायमरवर ठेवावा. खाद्य चिमूटभरच घालावे. घरातल्या प्रत्येकाने हौसेने टाकलेली चिमूट ही अशा टाक्यांच्या मृत्यूचे फार साधे कारण आहे. बिघाड दिसला तरी एका दिवसात सारे बदलू नये. प्रवाळाला जसा खराब आकडा सोसत नाही, तसा अचानक सुधारलेला आकडाही सोसत नाही.

आता कोणता प्रवाळ ठेवायचा, हा प्रश्न. इथे कायदा स्पष्ट आहे. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे पाच गट २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड आहे. मालवणला सहलीला गेलेल्याने किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही निरुपद्रवी नाही. टाकीत ठेवण्यासाठी ‘जिवंत खडक’ म्हणून विकला जाणारा दगडही बहुधा प्रवाळाचाच जुना सांगाडा असतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीचा किंवा कृत्रिम खडक घ्यावा. या पाच गटांबाहेरचा प्रवाळ घेतानाही नाव लिहिलेले पक्के बिल आणि तो कुठून आला याचा कागद मागावा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथून परतावे.

दगडी प्रवाळ वगळले की नवख्याच्या हाती सहसा मऊ, चिवट प्रकार येतात. त्यांतला बटणांच्या गुच्छासारखा दिसणारा, रंगीबेरंगी आणि कशातही तगणारा प्रकार म्हणजे झोअँथिड. नेमका इथेच धोका आहे. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. हवाई बेटांवर सापडलेले हे विष १९७१ मध्ये वेगळे करण्यात आले. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. पेशीत सोडियम-पोटॅशियमचा तोल राखणारा पंप ते उघड्या दारासारखा करून टाकते. स्नायू, हृदय, फुप्फुसे, डोळे या सर्वांवर परिणाम होऊ शकतो.

टाकीशेजारी बसल्याने हे विष बाधत नाही. अपघात होतो तो साफसफाईत. नको असलेले झोअँथिड काढण्यासाठी खडक उकळत्या पाण्यात घालणे, गरम पाणी ओतणे, ताठ ब्रशने खरवडणे किंवा हातमोज्यांशिवाय कापणे यातून वाफ आणि तुषार उडतात. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान घरांत आणि मत्स्यटाक्यांच्या दुकानात अशा बाधा नोंदवल्या गेल्या. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टाकी साफ करताना एका कुटुंबाला बाधा झाली आणि मदतीला धावलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. तोंडाला धातूसारखी चव, थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप, अंगदुखी, डोळ्यांची आग अशी लक्षणे काही तासांत दिसतात. ती फ्लूसारखी असल्याने टाकीचा उल्लेख झाला नाही, तर डॉक्टरांच्या मनात हे निदान येणे कठीण. यावर उतारा नाही. ताजी हवा, डोळे भरपूर पाण्याने धुणे आणि वेळेवर रुग्णालय एवढेच हाती असते. म्हणून घरात लहान मुले असतील, तर झोअँथिड ठेवूच नयेत. मशरूम प्रवाळ तेवढेच सोपे आहेत. ठेवले असतील, तर खडक कधीही उकळू नये आणि हातमोजे व चष्म्याशिवाय हात घालू नये.

दुसरा धोका संथ आहे. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ मत्स्यटाकीच्या पाण्यात आढळतो. बोटावरच्या कापलेल्या जागेतून तो शिरतो आणि काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी, न भरणारी गाठ येते. कधी हातावरून वर सरकत जाणाऱ्या गाठींची माळ दिसते. साध्या प्रतिजैविकांनी ती बरी होत नाही. हा जंतू शरीराच्या तापमानापेक्षा थंड, तीस अंशांच्या आसपास वाढतो. त्यामुळे प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही, तर तपासणीत तो निसटतो. योग्य औषधांनी तो बरा होतो, पण काही महिने लागतात. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि न भरणारी गाठ घेऊन गेल्यावर ‘घरी फिशटँक आहे’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांनी टाकीचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

छंदाला विरोध करण्याचे कारण नाही. एखादी शाळकरी मुलगी रोज पाण्याची पातळी, तापमान आणि क्षारता वहीत लिहीत असेल, तर पाठ्यपुस्तकातला पर्यावरणाचा धडा तिला वेगळा शिकवावा लागणार नाही. पण ज्या घराला मे महिन्यात आठ दिवस गावी जायचे असते आणि मागे पाणी भरणारे कोणी नसते, त्या घराने छोटी टाकी घेऊ नये. लहान म्हणून सोपी, ही समजूत इथे नेमकी उलटी आहे. विक्रेत्यांनीही टाकीबरोबर रिफ्रॅक्टोमीटर, हातमोजे आणि झोअँथिडबाबतची सूचना दिलीच पाहिजे. वन विभागाने दुकानांतल्या दगडी प्रवाळांकडे पाहिले पाहिजे. ज्यांना प्रवाळ फक्त डोळे भरून पाहायचे आहेत, त्यांनी घाट उतरून मालवणला जावे, पाण्यात उतरावे, प्रवाळावर पाय न ठेवता पाहावे आणि रिकाम्या हातांनी परत यावे.