दोन पावलं

टोरांटोत १ नोव्हेंबर २०२५ ची रात्र एक तासाने मोठी होती. हिवाळ्याची वेळ सुरू होणार म्हणून पहाटे दोनला घड्याळं एक तास मागे घ्यायची होती. मॅच संपली तेव्हा बारा वाजून गेले होते. म्हटलं घ्या, आता हळहळायला एक तास जास्तीचा!

ज्यांना बेसबॉल कळत नाही (म्हणजे आमचे नागपूरचे झाडून सगळे नातेवाईक) त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा ब्लू जेज संघ १९९३ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला पोचला होता. समोर लॉस एंजेलिसचे डॉजर्स, आदल्या वर्षीचे विजेते. सातपैकी चार सामने जिंकायचे, आणि तीन-तीन अशी बरोबरी. शेवटच्या सामन्यात नवव्या डावात आम्ही ४-३ ने पुढे. फक्त दोन आउट हवे होते. तेवढ्यात मिगेल रोहासने, ज्याची कुणाला धास्तीच नव्हती, चेंडू कुंपणापार टोलवला. ४-४.

तरी आशा होती. मग आमची पाळी आली. एक आउट, आणि तिन्ही बेसवर आमची माणसं. तिसऱ्या बेसवर होता कायनर-फालेफा. तो होम प्लेटवर पोचला की करंडक आमचा. वार्शोने चेंडू जमिनीलगत मारला, त्याच रोहासने अडखळत उचलून होमकडे फेकला, कायनर-फालेफा घसरत आला... आउट! अगदी निसटता. कॅचरचा पाय क्षणभर प्लेटवरून उचलला गेला होता, पण वेळेत परत टेकला. पंचांनी रिप्ले पाहिला, मी तर दहा वेळा पाहिला. पुढे अकराव्या डावात विल स्मिथच्या होमरनने डॉजर्स ५-४ ने जिंकले.

आता माझं दुखणं सांगते. बेसवरचा खेळाडू चेंडू पडायच्या आधीच दोनचार पावलं पुढे सरकून उभा राहतो, आपला नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडून पुढे येतो ना, तसंच. कायनर-फालेफा मात्र बेसला चिकटून उभा होता. दोन पावलं, फक्त दोन पावलं पुढे असता तर! मी टीव्हीसमोर उभी राहून त्याला नाही नाही ते बोलले. शेजारी नऊ वर्षांचा लेक, जेजचा निळा शर्ट घालून. झोपायच्या आधी तो म्हणाला, "आई, त्या मूर्खामुळे हरलो ना आपण?" शब्द माझाच होता, पण त्याच्या तोंडून ऐकला आणि कसंतरीच झालं.

तेवढ्यात नागपूरहून बाबांचा फोन. तिकडे रविवारची सकाळ, चहा झालेला.

"काहून एवढी चिडून राहिली तू?"

मी सगळी कहाणी ऐकवली. बाबा शांतपणे म्हणाले, "चेतन शर्मा."

एवढंच. आमच्या घरात एवढं पुरतं. १९८६, शारजा, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार हव्या, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियांदादचा षटकार. त्या रात्री बाबांनी चेतन शर्माला जे जे म्हटलं ते आजी कानांवर हात ठेवून ऐकत होती म्हणे. पुढल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध त्याच चेतन शर्माने नागपुरात हॅट्‌ट्रिक घेतली. वर्ल्डकपमधली पहिली. बाबा मैदानात होते. "नाचलो मी. अन् मग लाज वाटली," ते म्हणाले. पण लोकांना विचारा, चेतन शर्मा म्हटलं की अजूनही आधी तो षटकारच आठवतो.

फोन ठेवल्यावर मी जरा शांत डोक्याने विचार केला. कायनर-फालेफाने नंतर सांगितलं की बेसजवळ राहायची सूचनाच होती. का? जोरकस फटका थेट हातात झेलला गेला तर पुढे आलेल्या माणसाला परतता येत नाही आणि एकाच चेंडूवर दोन आउट होतात. आणि आदल्याच रात्री नेमकं तसंच झालं होतं. सहाव्या सामन्यात बार्जर दुसऱ्या बेसपासून पुढे गेला, डावीकडे झेल घेतला गेला, तो परत पोचेपर्यंत आउट. सामना तिथेच संपला, आणि आम्ही बार्जरवर खेकसलो, की इतका पुढे कशाला गेलास! म्हणजे शुक्रवारी पुढे गेला म्हणून शिव्या, शनिवारी मागे राहिला म्हणून शिव्या. खेळाडूने उभं राहायचं तरी कुठे?

सातही सामन्यांची बेरीज केली तर आमच्या धावा ३४, त्यांच्या २६. आणि तरी हरलो. माझं मत असं, की मोठ्या पराभवात दोष वाटून घेता येतो, कारण तो सगळ्यांचाच असतो. पण वीतभर फरकाने हरलं की आपल्याला एकच मान हवी असते. खरं तर तिथेच ती शोधू नये. अकरा डावांत अशी पन्नास पावलं असतात आणि त्यातलं कुठलंही एक पुढे-मागे झालं असतं तर निकाल फिरला असता. आपल्याला फक्त शेवटचं दिसतं.

सकाळी हे सगळं लेकाला सांगितलं. रात्री मी चुकीचं बोलले, हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कॉर्नफ्लेक्स खाल्ले आणि म्हणाला, "पण दोन पावलं तरी...?"

असो. खरं सांगू, मलाही अजून तसंच वाटतं. फक्त आता त्याला मूर्ख म्हणत नाही.